टायर नवा, तरी हवा उतरतेच: अलॉय व्हीलच्या कडेची बारीक गळती

तीन चाकं ३३ पीएसआयवर ठाम आणि मागचं डावं तेवढं दर रविवारी ३० वर. माझ्या ताईच्या गाडीचं हे पाच महिने चाललं होतं. ती राहते सोलापुरात आणि नोकरी अक्कलकोटला, म्हणजे रोज जाऊन-येऊन ऐंशीएक किलोमीटर. पंक्चरवाल्याकडे तीनदा चाक खोललं, टबात फिरवलं, ‘कुठंच बुडबुडा नाही’ म्हणून परत बसवलं. शेवटी एकाने टायरच जुना झालाय असं सांगितलं आणि तिने नवा टायर घातला. पुढच्या रविवारी काटा पुन्हा ३० वर.

दोष टायरचा नव्हताच. टायर धातूच्या ज्या कडेवर बसतो, ती कड खाल्ली गेली होती. अलॉय व्हीलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूची चाकं असलेल्या, गाडीला काही वर्षं झाली की हे दुखणं हमखास दिसायला लागतं. लोक मात्र त्यासाठी भलत्याच ठिकाणी पैसे घालतात. म्हणून हे जरा सविस्तर लिहितो आहे.

आधी ही गळती किती बारीक असते ते पाहू. साध्या हॅचबॅकच्या टायरमध्ये साधारण ३० लिटर जागा असते. आठवड्याला ३ पीएसआय उतरले, म्हणजे बाहेरच्या दाबाने मोजली तर सहा लिटर हवा गेली. आठवड्यात मिनिटं दहा हजारांवर. भागाकार केला की मिनिटाला जेमतेम ०.६ मिलिलिटर, पाण्याच्या बारा थेंबांएवढी हवा. ज्वारीच्या दाण्याएवढा बुडबुडा धरला तर तीन सेकंदांना एक. सगळे एकाच छिद्रातून आले तर नजरेत भरतील. पण खाल्लेल्या कडेवर गळती पाच-सहा ठिकाणी विखुरलेली असते. मग एकेका जागी बुडबुडा यायला पंधरा-वीस सेकंद लागतात. चाक टबात गरागरा फिरवून मिनिटभरात बाहेर काढलं तर तो दिसणार कसा? पंक्चरवाला खोटं बोलत नव्हता. त्याने जितका वेळ पाहिलं, तितक्या वेळात त्या जागी बुडबुडा आलाच नव्हता.

हवा अडते कुठे

ट्यूबलेस टायरमध्ये हवा धरून ठेवणारा वेगळा फुगा नसतो. टायरच्या आतल्या बाजूला ब्यूटाइल जातीच्या रबराचा थर असतो, त्यातून हवा फार सावकाश झिरपते. आणि टायर रिंगला जिथे टेकतो तिथे नुसतं रबर धातूवर दाबून बसलेलं असतं. टायरच्या या जाड काठाला बीड म्हणतात. त्याच्या पोटात पोलादी तारांचं कडं असतं, त्यामुळे तो ताणत नाही. रिंगवर त्याच्यासाठी साधारण दोन सेंटिमीटर रुंद बैठक असते आणि ती किंचित, पाच अंशांनी, बाहेरच्या दिशेला चढती असते. हवा भरली की बीड त्या चढावर सरकत जातो आणि घट्ट होत जातो. टायर बसताना जो ‘फट्’ असा आवाज येतो तो याचाच.

प्रेशर कुकरचं उदाहरण घ्या. वाफ बाजूने निघायला लागली की आपण गॅस्केट बदलतो. पण झाकणाच्या काठावर जुना भात वाळून चिकटलेला असेल, तर नव्या गॅस्केटनेही शिटी होत नाही. रबर कितीही चांगलं असलं तरी ते ज्यावर टेकतं तो काठ स्वच्छ आणि गुळगुळीत हवा. रिंगची बैठक म्हणजे तोच काठ.

ॲल्युमिनियम गंजतं का?

गंजतं, पण लोखंडासारखं तांबूस होत नाही म्हणून लक्षात येत नाही. उघड्या ॲल्युमिनियमवर हवा लागताक्षणी ऑक्साइडचा अतिशय पातळ थर धरतो आणि तोच खालच्या धातूला वाचवतो. एरवी हा थर चांगला टिकतो. पण ओल सतत साचून राहिली आणि त्या ओलीत क्षार असले, विशेषतः क्लोराइड, म्हणजे मिठाच्या जातीचे, तर हा थर जागोजागी फुटतो आणि धातू आत-आत खाल्ला जातो. त्यातून पांढरी भुकटी तयार होते. ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, म्हणून वरचा रंग पापडासारखा उचलला जातो. उचललेल्या रंगाखाली पुन्हा पाणी शिरतं. हे बीडच्या खाली झालं की रबर आणि धातू यांच्यात केसाएवढ्या वाटा तयार होतात. हवेला तेवढ्या पुरतात.

सोलापुरात याला हातभार लावणाऱ्या गोष्टी आपल्या रोजच्या आहेत. पावसाळ्यात शेतरस्त्याने गेलेल्या गाडीच्या रिंगला काळी चिकण माती आतून लिंपली जाते आणि ती कितीतरी दिवस ओल धरून ठेवते. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांच्या चाकांनी तीच माती डांबरी रस्त्यावर येते. गाडी धुतो ती बोअरच्या जड पाण्याने. नळाच्या तोटीवर पांढरे थर चढवणारं हे पाणी रिंगच्या आतल्या बाजूला वाळतं, तेव्हा क्षार तिथेच राहतात. शिवाय धुताना आपण चाकाची पुढची बाजू चकचकीत करतो, मागच्या बाजूला कुणाचा हात जात नाही. म्हणून कड बहुतेक वेळा आतल्या बाजूनेच खाल्ली जाते. बाहेरून रिंग शोरूममधल्यासारखी दिसत असली तरी त्यावर विश्वास ठेवू नका.

आणखी एक कारण आपण स्वतः लावून घेतो. बॅलन्सिंगला रिंगच्या कडेवर हातोडीने ठोकलेली शिशाची किंवा पोलादाची वजनं. ठोकताना रंग तुटतो, आणि दोन वेगळे धातू ओलीत एकमेकांना चिकटून राहिले की त्यातला ॲल्युमिनियम आधी खाल्ला जातो. अलॉयला आतल्या बाजूने चिकटवायची वजनंच लावून घ्या. आणि ॲसिडचं व्हील क्लीनर तर वापरूच नका. ते मळाबरोबर वरचं संरक्षणही नेतं.

रिंगला दोष देण्याआधी

दाब मोजण्यात फसगत होते, ती आधी टाळू. तापमान १० अंशांनी उतरलं की ३३ पीएसआयचा टायर सुमारे दीड पीएसआय कमी दाखवतो. हवा कुठेही गेलेली नसते, ती आकसलेली असते. मे महिन्यात दुपारी ४२ अंशांत ३३ भरलेलं चाक डिसेंबरात पहाटे १५ अंशांत मोजलं, तर जराही गळती नसताना २९ दाखवेल. म्हणून दाब नेहमी सकाळी, गाडी हलवण्याआधी, एकाच गेजने मोजा. पंपावरचं गेज आणि घरचं गेज यांची तुलना करू नका. चारही चाकं सारखी उतरली असतील तर ते हवामान आहे, किंवा रबरातून नैसर्गिकपणे झिरपणारी हवा आहे. ती महिन्याला एखाद-दीड पीएसआय जातेच. एकच चाक इतरांना सोडून खाली येत असेल तर गळती.

गाडीतल्या दाब दाखवणाऱ्या दिव्यावर विसंबू नका. तो बहुतेक गाड्यांत दाब साधारण २५ टक्के खाली आल्यावर लागतो, म्हणजे ३३ चे २५ झाल्यावर. तोवर कमी हवेच्या टायरच्या बाजू प्रत्येक फेऱ्याला जास्त दबतात आणि तापतात. मे महिन्यात पुणे किंवा हैदराबादच्या रस्त्याला तासन्‌तास शंभरच्या वेगाने जाणाऱ्या गाडीत टायर फुटण्याचं हे एक मोठं कारण आहे. बारीक गळतीला मी क्षुल्लक मानत नाही ते याचसाठी.

मग खिळा पाहा. नक्षीच्या खाचेत रुतलेला बारीक चुका हेच सगळ्यात जास्त वेळा सापडणारं कारण आहे. नंतर व्हॉल्व्ह. टोपी काढून तोंडावर साबणाच्या पाण्याचा थेंब ठेवा. तो फुगला तर आतली पिन गेली, ती चहाच्या पैशांत बदलते. व्हॉल्व्हची रबरी दांडी हलकेच वाकवून बुडाशीही फेस लावून पाहा, उन्हाने ती तडकते.

जागा सापडली की निम्मं काम झालं

ताईच्या चाकाची जागा शेवटी सापडली ती होटगी रोडवरच्या एका टायरवाल्याकडे. पन्नाशी उलटलेला माणूस, बोलणं मोजकं. त्याने चाक टबात टाकलंच नाही. जमिनीवर आडवं ठेवलं, आतली बाजू वर करून. टायर आणि रिंगची कड यांच्यात जी गोल खाच असते तिच्यात भांड्याच्या साबणाचं पाणी मगाने सोडलं, खंदकासारखं गोल भरलं, आणि स्टूल ओढून शेजारी बसला. आम्ही उभेच. पहिली दोन मिनिटं काही नाही. मग व्हॉल्व्हपासून वीतभर अंतरावर मोहरीएवढा एक फेसाचा ठिपका आला, थांबला, मोठा झाला. त्याच्या पलीकडे दुसरा. दहा मिनिटांत पांढऱ्या फेसाची बोटभर लांब रांग तयार झाली. त्याने खडूने टायरवर आणि रिंगवर समोरासमोर रेघ ओढली आणि म्हणाला, “टायरला काय झालं नाही वो मालक. रिंग खाल्लीय बघा.”

ही पद्धत घरीही करता येते. चाक उतरवा, दाब ३५ च्या आसपास ठेवा, एका बाजूला दहा मिनिटं, मग उलटं करून दुसऱ्या बाजूला दहा मिनिटं. पाणी ओतताना अडकलेली हवा सुरुवातीला बुडबुडे काढते, ते सोडून द्या. त्याच जागी परत-परत येणारा फेस खरा. जॅकवर उचललेल्या गाडीखाली डोकं घालून आतली बाजू तपासायला मात्र जाऊ नका. चाक काढूनच पाहा.

खडूची ती जोड-रेघ फार कामाची असते. टायर खोलल्यावर रेघेपाशी रिंग खडबडीत निघाली तर प्रश्न मिटला. रिंग तिथे गुळगुळीत असेल तर त्याच रेघेपाशी टायरचा बीड पाहायचा. मशीनवर चढवताना तो चिरलेला असू शकतो, आणि चिरलेल्या बीडला इलाज नाही.

दुरुस्ती

दुरुस्ती म्हणजे मुळात साफसफाई आहे, आणि ती जितकी जीव लावून होईल तितकी टिकते.

पिन काढून सगळी हवा सोडायची, मग मशीनवर बीड सोडवून टायर उतरवायचा. गाडीच्या व्हॉल्व्हला आतून दाबाचा सेन्सर असेल तर हे आधीच सांगा, म्हणजे कारागीर मशीनचा दाब व्हॉल्व्हपासून लांब देईल. अलॉयसाठी मशीनच्या तोंडाला प्लॅस्टिकचं आवरण असावं, नाहीतर रिंगवर नवे ओरखडे पडतात.

आता बैठक. उचललेला रंग आणि पांढरी भुकटी आधी वायर ब्रशने काढायची, मग १२० नंबरचा पॉलिश पेपर, त्यानंतर १८० किंवा २२०, शेवटी ३२०. पेपर नेहमी रिंगच्या गोलाईने चालवायचा. बैठकीला आडवे ओरखडे पडले तर प्रत्येक ओरखडा हवेला बाहेर जायची नवी वाट देतो. ग्राइंडरला घासायची दगडी चकती लावलेली दिसली तर हात जोडून थांबवा. ॲल्युमिनियम मऊ असतं, क्षणात खड्डा पडतो आणि तो भरून येत नाही. डोळ्यांवर चष्मा आणि नाकाला रुमाल हवा, ती भुकटी छातीत जाऊ देऊ नये.

किती घासायचं? नख फिरवून पाहायचं. चांगल्या रंगावरून उघड्या धातूवर नख न अडखळता सरकलं पाहिजे. डोळ्याला गुळगुळीत दिसणारी कड नखाला खडबडीत लागते, हे मी त्या दिवशी स्वतः पाहिलं. फक्त खडूच्या रेघेपाशी घासून थांबू नका. आज इथे गळतंय तर शेजारची वीतभर कड वर्षभरात गळणार आहे. दोन्ही बाजूंची पूर्ण गोल बैठक एकदाच साफ करून घ्या.

टायरच्या बीडलाही भुकटी आणि रंगाचे पापुद्रे चिकटलेले असतात. ते विसरले तर तेच दाणे घासलेल्या रिंगवर परत जाऊन बसतात. ओल्या फडक्याने पुसून, बोट फिरवून खात्री करून घ्यायची.

उघडा केलेला धातू तसाच सोडला तर दोन पावसाळ्यांत परत तेच होईल. वेळ असेल तर स्पिरिटने पुसून ॲल्युमिनियमला चालणाऱ्या प्रायमरचा पातळ हात, त्यावर लॅकरचा पातळ हात द्यावा आणि रात्रभर, जमलं तर दिवसभर, वाळू द्यावं. जाड रंग नको. बीडखाली तो दबून चुरतो. बहुतेक दुकानांत एवढा वेळ कुणी देत नाही, म्हणून मी सुचवेन की स्टेपनी लावून गाडी घेऊन जा आणि रिंग दुकानात एक दिवस सोडा.

बीड सीलर हे काळं, दाट, रबरी द्रावण असतं. साफ केलेल्या बैठकीवर उरलेले सुईच्या टोकाएवढे खड्डे ते भरतं. पातळ थर लावून डब्यावर लिहिलंय तितकं सुकू द्यायचं. काम उत्तम करतं, पण साफसफाईला पर्याय म्हणून नाही. भुकटीवर फासलेलं सीलर भुकटीसकट सुटतं, आणि पुढच्या वेळी टायर उतरवणाऱ्याला ते सगळं खरवडावं लागतं.

रबरी व्हॉल्व्ह याच वेळी नवा घाला. टायर चढवताना साबणाची पेस्ट लावायची. ग्रीस, ऑइल, डिझेल नको. खनिज तेलाने रबर फुगतं आणि टायर रिंगवर घसरू शकतो. बीड बसवताना ४० पीएसआयच्या पुढे हवा नेऊ नये. तेवढ्यात बसला नाही तर हवा सोडून, पुन्हा पेस्ट लावून बसवायचा. मग परत आडवं ठेवून खंदकात पाणी, दहा मिनिटं, दोन्ही बाजूंनी. नंतर बॅलन्सिंग. चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने आवळायचे आणि पन्नास-शंभर किलोमीटर चालल्यावर एकदा परत तपासायचे.

जे उपाय सुचवले जातात

सगळ्यात जास्त सुचवला जाणारा उपाय म्हणजे ट्यूब टाकणे. मी याच्या पूर्ण विरोधात आहे. ट्यूबलेस टायरच्या आतली बाजू ट्यूबसाठी केलेली नसते, त्यामुळे ट्यूब घासली जाते आणि तापते. आपल्याकडचा उन्हाळा त्यात भर घालतो. ट्यूबलेसला खिळा लागला तर हवा सावकाश जाते, गाडी बाजूला घ्यायला वेळ मिळतो. ट्यूब मात्र फाटली की क्षणात रिकामी होते. बारीक गळती घालवायला जाऊन आपण मोठा धोका विकत घेतो.

पंक्चरचं लिक्विड रिंगच्या गळतीवर फारसं चालत नाही. चाक फिरायला लागलं की ते बाहेरच्या दिशेने, म्हणजे नक्षीच्या आतल्या बाजूला, फेकलं जातं. बैठकीपर्यंत ते टिकून पोचतच नाही. नायट्रोजन कोरडा असतो, एवढा फायदा खरा. पण हवेतच ७८ टक्के नायट्रोजन असतो, आणि ज्या वाटेने हवा जाते त्याच वाटेने तोही जातो.

कड वाकली किंवा तडकली असेल तर

खड्ड्यात जोरात आदळल्यानंतर गळती सुरू झाली असेल तर प्रकरण वेगळं. बॅलन्सिंग मशीनवर रिंग फिरवून पाहा. कड डुलताना दिसते. थोडा बाक प्रेसवर सरळ होतो. गॅसच्या ज्योतीने लालभडक तापवून ठोकून सरळ करणाऱ्याकडे देऊ नका. अलॉय रिंगला तिची ताकद कारखान्यात ठरावीक तापमानाला भाजून दिलेली असते, ज्योतीने ती त्या जागी निघून जाते. आतल्या कडेला तडा असेल, किंवा बैठक सोडून थेट धातूच्या अंगातून फेस येत असेल, तर वेल्डिंग करू नका, रिंग बदला. वेल्डिंगने हवा थांबेलही, पण त्या टाक्याच्या शेजारचा धातू कमजोर झालेला असतो आणि त्यावर घरची माणसं बसून जाणार असतात.

ताईच्या रिंगला तडा नव्हता, बाक नव्हता. दोन्ही कडा घासून, लॅकर देऊन, नवा व्हॉल्व्ह घालून चाक दुसऱ्या दिवशी मिळालं. तेव्हापासून डॅशबोर्डच्या कप्प्यात एक वही आहे, दर रविवारी सकाळी सहाला तिच्यात चार आकडे लिहिले जातात. चौथ्या रविवारी चारही चाकांसमोर ३२ होते, मागच्या डाव्यासमोरही. पण नोंदी ठेवायच्या म्हणून बाकीची तीन चाकंही आतून पाहिली, तर पुढच्या उजव्या रिंगच्या आतल्या कडेवर रंग नखाएवढा फुगलेला सापडला. हवा अजून धरतंय. ते चाक दिवाळीच्या सुट्टीत उतरवायचं ठरलंय.